बास्केटबॉल पंचांचा गणवेश आणि बूट

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार पंचांचा शर्ट, लांब काळी पँट, काळे मोजे आणि काळेच बास्केटबॉलचे बूट असा गणवेश ठरलेला असून, सामन्यातील सर्व पंचांचा पोशाख एकसारखा असावा लागतो. शर्ट पँटीत नीट खोचावा. अंगठी, कडे काढून ठेवावे. खरी काळजी बुटांची घ्यावी. लातूर-परभणीकडे उघड्या सिमेंटच्या मैदानांवर तळ लवकर झिजतो आणि बारीक धुळीवर असा गुळगुळीत तळ हमखास घसरतो, म्हणून आदल्या दिवशीच तळाच्या खाचांवरून अंगठा फिरवून पाहावा व त्या हाताला लागत नसतील तर बूट बदलावेत. कार्यालयात घालायचे चामडी बूट, काळे असले तरी, चालत नाहीत (ते घालून एकदा उलटे धावून पाहावे!). उन्हाळ्यात मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत ठेवून मध्यंतरात बदलावा.