लॅमिनार हूडखाली इंजेक्शन तयार करताना या चुका टाळा

हॉस्पिटलच्या फार्मसीत टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) किंवा आयव्हीचं (शिरेतून द्यायच्या औषधाचं) मिश्रण करताना सर्वांत घातक चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज सगळं जागच्या जागी असतं, हूडही (गाळलेल्या हवेचा सरळ झोत सोडणारं कामाचं कपाट) चालू असतो, आणि हात मात्र नेमका फिल्टर आणि व्हायल (औषधाची रबरी बुचाची बाटली) यांच्या मध्ये येतो.

आडव्या प्रवाहाच्या हूडमध्ये हेपा फिल्टरची (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीची) हवा समोरून आपल्याकडे येते. ती आधी सुईला आणि व्हायलच्या रबरी बुचाला लागली पाहिजे, मग आपल्या बोटांना. बोटं मध्ये आली की त्यांच्यावरून आलेली हवा बुचावर पडते आणि हूड असून नसल्यासारखा होतो. केमोची औषधं उभ्या प्रवाहाच्या सेफ्टी कॅबिनेटमध्ये करतात. तिथे हवा वरून येते, त्यामुळे हात व्हायलच्या वर नेऊ नका. दोन्हीकडे आळीपाळीने काम करणाऱ्यांनी हे विशेष जपावं, कारण एकीकडची सवय दुसरीकडे नडते. आडव्या हूडमध्ये व्हायल एकामागे एक न ठेवता शेजारी शेजारी मांडा, पुढच्या कडेपासून निदान 6 इंच आत.

व्हायलचं प्लास्टिकचं झाकण काढलं की खालचं बूच निर्जंतुकच असतं, असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. 70% आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या निर्जंतुक वाइपने बूच दाबून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या बुचात सुई घालण्याची घाई नको. जास्त तीव्र अल्कोहोल जास्त चांगलं, हेही खरं नाही. जंतू मारायला त्यात पाणी लागतंच.

सिरिंजमध्ये बुचाचा कण दिसला? ते मिश्रण टाकून द्या. पुढच्या वेळी सुईची तिरकी बाजू वर ठेवून 45 अंशांत टेकवा आणि आत घालता घालता सरळ करा. अँप्युलमधून (मान मोडून उघडायच्या काचेच्या कुपीतून) औषध ओढताना काचेच्या कणांसाठी फिल्टर सुई वापरा, आणि पिशवीत सोडण्याआधी ती बदला.

‘द्रावण स्वच्छ दिसतंय’ हा निकष कधीच लावू नका. 2012 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीची (औषधं स्वतः तयार करून देणाऱ्या फार्मसीची) स्टेरॉइडची इंजेक्शनं बुरशीने दूषित निघाली. निर्जंतुकतेच्या चाचणीचा निकाल येण्याआधीच माल बाहेर गेला होता. 750 हून अधिक लोकांना संसर्ग झाला, 60 हून अधिक दगावले.

ग्लोव्ह्जवर जंतू आहेत का, हे पाहायला बोटांचे ठसे जंतू वाढवणाऱ्या प्लेटवर घेतात. ही चाचणी करताना एक पथ्य पाळा. ठसे घेण्याच्या अगदी आधी ग्लोव्ह्जवर अल्कोहोल मारू नका, नाहीतर निकाल खोटा चांगला येतो. प्लेटवर जंतूंच्या वसाहती उगवल्या, तर आधी हात धुण्याची आणि ग्लोव्ह्ज चढवण्याची पद्धत कुणाला तरी शेजारी उभं करून तपासून घ्या. बहुतेक वेळा ग्लोव्ह्जच्या बाहेरच्या बाजूला उघड्या बोटाचा स्पर्श झालेला असतो.