देवांचे सुपरहिरो खेळताय? या चुका टाळा

जगभरच्या पुराणांतले देव घेऊन सुपरहिरो आरपीजी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळायचं ठरलं की प्रत्येक नव्या टोळक्याचं गाडं त्याच त्याच ठिकाणी अडतं. तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर कोणीतरी येऊन सांगतं, "दादा, कॅम्पेन झोपलं हो आमचं." कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक लांब गोष्ट. कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) मागून बघावी तर कारण पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. सोलापुरात हा खेळ खेळणारे मुळात थोडे, त्यातले निम्मे असे कंटाळून पुन्हा मोबाईलवर गेले तर उरणार कोण? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

"सगळ्यात मोठा देव मला"

नवा प्लेअर बसला की पहिला प्रश्न ठरलेला: यात सगळ्यात पॉवरफुल कोण? झ्यूस घेऊ का ओडिन? फासे हातात धरायला शिकायच्या आधी याला विश्वाचा राजा व्हायचं असतं.

सात रस्त्याजवळच्या एका फ्लॅटवरचं सेशन मला चांगलं आठवतं. मी नुसता बघायला गेलो होतो. जीएम (खेळ चालवणारा) नवा, प्लेअर पाच. एकाने थॉर घेतला होता, आणि जीएमने दोस्तीखातर त्याला हल्ल्याचा बोनस दिला १४. बाकी चौघांचे बोनस ६ च्या आसपास. पद्धत साधी होती: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात बोनस मिळवायचा आणि समोरचा आकडा गाठायचा. समोरचा आकडा होता १५. म्हणजे थॉरच्या फाशावर १ पडला तरी १५ होणार. फासा टाकायची गरजच नाही! पोरगं हौस म्हणून टाकत होतं, ते वेगळं.

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उतरलेले हिमराक्षस पहिल्या अर्ध्या तासात संपले. बाकीचे चौघं मोबाईल काढून बसले. एकजण खाली जाऊन भजी घेऊन आला, आणि तेवढ्यात त्याची पाळी येऊन गेली हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. जीएम घाबरला. पुढच्या लढाईला त्याने समोरचा आकडा सरळ ३० केला. आता थॉरला १६ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत, म्हणजे चारात एकदा. ठीक आहे, जरा चुरस आली. पण ६ बोनसवाल्यांचं काय? त्यांना २० पडले तरी बेरीज २६. दिवसभर फासा टाकला तरी त्यांचा एक वार लागणार नव्हता. आधीच्या लढाईत त्यांची गरज नव्हती, या लढाईत त्यांचा उपयोग नव्हता. त्यानंतर ते टोळकं काही पुन्हा बसलं नाही.

नियमांचं पुस्तक काय सांगायचं ते सांगो, मी माझ्या टेबलावर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या बोनसमध्ये ५ च्या वर अंतर पडू देत नाही. कोणी हुज्जत घातली तर त्याला वरचा हिशोब करायला लावतो.

पण खरी गोम बोनसात नाही. या पोरांना देवाची ताकद हवी असते, आणि त्या ताकदीला चिकटलेली अट नको असते. गोष्टी रंगतात त्या मात्र अटीमुळे. थॉरचा हातोडा घडत असताना माशी होऊन लोहाराला चावण्याचा उद्योग लोकीने केला म्हणतात, म्हणून त्याचा दांडा आखूड राहिला. तो पेलायला लोखंडी हातमोजे लागतात. थ्रिम नावाच्या राक्षसाने तो एकदा चोरून जमिनीखाली पुरला, तेव्हा या महाबलीला नवरीचा वेष करून त्याच्या मांडवात जाऊन बसावं लागलं! एवढं रंगीत प्रकरण हाताशी असताना शीटवर काय लिहून आणतात? "हातोडा, डॅमेज १२." इजिप्तच्या 'रा' या सूर्यदेवाला आपलं गुप्त नाव सांभाळावं लागतं, इसिस देवीने साप घडवून त्याला चावायला लावला आणि ते नाव काढून घेतलं. आपल्याकडे तर अटींची खाणच आहे. हिरण्यकशिपूचा वर घ्या, कर्णाला परशुरामांचा शाप घ्या, हनुमंताला स्वतःच्या ताकदीचा पडलेला विसर घ्या. जांबवंताने आठवण करून दिल्याशिवाय समुद्र ओलांडला गेला नसता. टेबलावर हे सोन्यासारखं चालतं: माझी ताकद दुसऱ्या प्लेअरने आठवण करून दिल्याशिवाय मला वापरता येणार नाही. बघा मग कोण मोबाईल काढतो ते.

म्हणून माझ्याकडे शीटची पहिली ओळ अटीची असते. ती कोरी असेल तर बाकीचं शीट मी वाचत नाही. उद्धटपणा वाटत असेल तर वाटू दे.

कॅम्पेन आधीच बिघडलं असेल तर? बोनस गुपचूप कमी करू नका, प्लेअर चिडतात आणि त्यांचं बरोबरच असतं. एक पाताळ-सेशन लावा. सुमेरची देवी इनान्ना पाताळात उतरते तेव्हा सात दरवाजे लागतात, आणि प्रत्येक दारात अंगावरची एकेक वस्तू काढून द्यावी लागते. मुकुट, गळ्यातले मणी, करता करता वस्त्रसुद्धा. वर यायचं तर बदली कोणीतरी खाली ठेवावा लागतो. हेच दरवाजे हिरोंसमोर उभे करा. प्रत्येक दारात प्रत्येकाने शीटवरची एक गोष्ट स्वतःच्या हाताने खोडायची, काय ते त्याने ठरवायचं. परत येताना सगळं परत द्या, एक सोडून. हा उपाय मी इतरांच्या टेबलांवरही करवून घेतला आहे. बोनस कापला की भांडणारा प्लेअर दारात मात्र आपणहून उडण्याची शक्ती सोडून देतो आणि वर त्याला त्याचा अभिमानही वाटतो.

सिनेमा बघून पुराण शिकलेले

लोकी थॉरचा भाऊ नाही. नॉर्स (उत्तर युरोपातल्या) कथांत त्याचं रक्ताचं बंधुत्व आहे ते ओडिनशी. थॉरची दाढी लाल. हेडीस हा सैतान नाही, मेलेल्यांचं राज्य सांभाळणारा शिस्तीचा माणूस आहे. मेलेल्यांची काळजी घेणाऱ्या इजिप्तच्या अनुबिसला प्रत्येक जीएम व्हिलन करतो, का तर त्याचं तोंड कोल्ह्याचं! एरीज हा युद्धदेव म्हणून सगळ्यांना हवा असतो, पण ट्रॉयच्या लढाईत डायोमिडीस नावाच्या माणसाने, अथेनाच्या मदतीने का होईना, त्याला भाला मारला तेव्हा तो बोंब ठोकत बापाकडे तक्रार घेऊन गेला. असा युद्धदेव खेळायला किती मजा आहे! पण त्यासाठी गोष्ट वाचावी लागते.

व्हिलन हवा असेल तर इजिप्तचा सेत बघा. ओसायरिसला, सख्ख्या भावाला, मारणारा हाच; आणि रोज रात्री राच्या नावेवर पुढे उभा राहून अपेप नावाच्या महासर्पाला भाल्याने अडवणाराही हाच. हिरोंनी त्याला ठार मारलं तर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवणार कसा? एवढ्या एका प्रश्नावर दोन-तीन सेशन निघतात.

हल्ली चॅटबॉटकडून देवाची बॅकस्टोरी लिहून आणायची टूम आहे. एकाने आणलेल्या गोष्टीत ग्रीक नाव, इजिप्शियन आई आणि सिनेमातला डायलॉग होता. अशा प्लेअरला मी फक्त म्हणतो, तुझ्या देवाची एक गोष्ट तोंडी सांग. सांगता आली तर बस.

गावचा देव शीटवर

याबद्दल मी जरा कडक आहे. एका जीएमने गड्ड्याच्या यात्रेचा, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा, सीन लावला होता. कल्पना वाईट नव्हती: संक्रांतीचे दिवस, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मिरवणुकीच्या गर्दीत लपलेला व्हिलन. पण व्हिलनने हल्ला केला तो नंदीध्वजावर. टेबलावरच्या एका पोराच्या घरातली मंडळी दरवर्षी त्या मिरवणुकीत असतात. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "याचे हिट पॉइंट किती लिहिलेत ते दाखव बरं." किती मार बसला की तो संपेल, तो आकडा जीएमने खरंच लिहिला होता. त्याने वही फिरवली, पोराने आकडा वाचला, वही परत दिली आणि चप्पल घालून निघून गेला. आवाज चढला नाही की काही नाही.

सिद्धरामेश्वर असोत, रूपाभवानी असो, कोणाचं कुलदैवत असो, माझ्या टेबलावर त्यांना आकडे मिळत नाहीत. जगात ते आहेत, पण त्यांच्यावर कोणी फासा टाकायचा नाही. शँगो, ओगुन हे योरुबा देवही याच रांगेत येतात. पश्चिम आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, क्युबात त्यांची आजही पूजा चालते. आपल्याला ते लांबचे म्हणून त्यांची थट्टा चालेल, असं नाही.

मग इथली पुराणं वापरायचीच नाहीत का? वापरा की. देव घेऊ नका, त्याच्या गोष्टीतली अट घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली एक मुलगी आमच्यात खेळते. पद्मशाली घरांत सांगितली जाणारी, कमळाच्या तंतूंनी देवांची वस्त्रं विणणाऱ्या भावनाऋषींची गोष्ट तिने आजीकडून ऐकलेली. तिने ऋषींचं नावही शीटवर घेतलं नाही. हिरॉईन केली ती यंत्रमागावरची एक बाई, तिने विणलेलं कापड पांघरणाऱ्याला वार लागत नाही. फक्त स्वतःचं विणलेलं तिला स्वतःला पांघरता येत नाही. तिचा हल्ल्याचा बोनस टेबलावर सगळ्यात कमी आहे, आणि लढाईत सगळे तिच्याच पाळीची वाट बघतात.

बाकीचं थोडक्यात

एकाच टेबलावर इंद्र, झ्यूस, थॉर, शँगो आणि पेरुन नकोत. पाच-पाच पर्जन्याचे मालक आणि जिल्हा दुष्काळी, हे प्लेअरच विचारायला लागतात. वीज एकालाच द्या.

आठ पानी बॅकस्टोरी कोणी वाचत नाही. अर्धं पान पुरे, त्यात एक शत्रू आणि एक उधारी असावी.

सोलापुरी चादरीवर फासे टाकू नका. विणीचा उठाव जाड असतो, फासा तिरका अडकतो आणि "हा १९ का ३" यावर दहा मिनिटं जातात. स्टीलच्या ताटात टाकला तर शेजारचे दार वाजवतात. मी परातीत जुना टर्किश टॉवेल अंथरतो, आवाज नाही आणि फासा सपाट बसतो.

नियम अडला की पुस्तक उघडून बसू नका. जीएमने निकाल द्यावा, खेळ पुढे न्यावा, पुस्तक नंतर बघावं. सेशनमध्ये पुस्तकातली पानं वाचून दाखवणाऱ्याला मी चहा करायला पाठवतो.

पहिल्याच दिवशी वर्षभराचं कॅम्पेन जाहीर करणाऱ्यांनी आधी एका बैठकीत संपणारी गोष्ट खेळवून दाखवावी. ज्याला तीन तासांत शेवट गाठता येत नाही, त्याचा महासंग्राम कोणी बघितलेला नाही.

आणि गड्ड्याच्या दिवसांत सेशन ठेवू नका. होय होय म्हणतात सगळे, येत कोणी नाही.