गाडीचे मागचे दिवे लागत नसतील तर दोष कसा शोधावा

समोरचा दिवा गेला की रस्ता दिसेनासा होतो आणि बिघाड लगेच ध्यानात येतो. मागचा दिवा गेला तर मात्र गाडी चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस किंवा मागून आलेला एखादा दुचाकीस्वार सांगतो तेव्हाच ते कळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे रात्री गाडीचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून आणि मागची नंबर प्लेट १५ मीटरवरून दिसली पाहिजे. घाटात, पावसात किंवा धुक्यात हे अंतर किती मोलाचे असते, हे ट्रकच्या मागे गाडी चालवलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

या लेखात बल्ब असलेल्या नेहमीच्या हॅचबॅक आणि सेडान गाड्यांचा विचार केला आहे. एलईडी दिव्यांचे थोडे वेगळे असते. त्याविषयी शेवटी लिहिले आहे. लागणारी साधने मोजकीच आहेत: एक स्क्रू-ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर, एक टेस्ट लॅम्प (वीज आली की पेटणारा, टोकदार दांडीतला छोटा दिवा) आणि शक्य असल्यास व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर.

आधी काय लागते आणि काय लागत नाही, ते लिहून घ्या

बहुतेक जण थेट बल्ब बदलायला जातात आणि तिथेच वेळ व पैसे वाया जातात. मागच्या एकाच डब्यात टेल लॅम्प (रात्री सतत लागणारा लाल दिवा), ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि रिव्हर्सचा दिवा असे तीन-चार वेगवेगळे दिवे असतात. त्यांचे फ्यूज आणि स्विच निराळे असले, तरी परतीची वायर, म्हणजे अर्थ, बहुधा एकच असते. त्यामुळे कोणते दिवे एकत्र बंद आहेत, यावरूनच दोषाची जागा निम्मी कळून येते.

स्टिअरिंगजवळच्या दांड्यावरचा पहिला खटका फिरवून पार्किंगचे दिवे लावा आणि घरातल्या कोणाला तरी मागे उभे करा. कोणी नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावली, तरी भिंतीवरच्या लाल उजेडावरून अंदाज येतो. मग क्रमाने ब्रेक दाबा, दोन्ही इंडिकेटर द्या, रिव्हर्स गिअर टाका. येथे एक चकवा आहे. नव्या गाड्यांत इंजिन सुरू केले की समोर डीआरएलचे, म्हणजे दिवसाही चालू राहणारे, पांढरे दिवे लागतात आणि डॅशबोर्डही उजळतो, त्यामुळे दिवे लागले आहेत असे वाटते. प्रत्यक्षात अनेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागतच नाहीत. तसे असेल तर दोष गाडीत नसून फक्त खटका फिरवायचा राहिलेला असतो.

एकाच बाजूचा टेल लॅम्प बंद आहे, पण त्याच बाजूचा ब्रेक लाइट लागतो, तर बहुधा बल्ब गेलेला असतो. दोन्ही टेल लॅम्प बंद, नंबर प्लेटचा दिवाही बंद, पण ब्रेक लाइट ठीक, तर फ्यूज किंवा स्विचकडे पाहावे. मात्र अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूला स्वतंत्र फ्यूज असतात, त्यामुळे एकाच बाजूचे पुढचे पार्किंग आणि मागचा टेल लॅम्प एकदम गेले, तर त्या बाजूचा फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी असते. एका बाजूचे सगळेच दिवे बंद किंवा मंद असतील, अथवा एक दिवा लावला की भलताच दुसरा दिवा लुकलुकत असेल, तर बल्बपेक्षा अर्थवर संशय घ्यावा.

बल्ब

दिवे आणि इग्निशन बंद करा आणि बल्ब थंड होऊ द्या. हॅचबॅकमध्ये डिकीचा दरवाजा उघडला की दिव्याच्या कडेला बहुधा दोन स्क्रू दिसतात. ते काढून डबा सरळ मागे ओढावा. बाहेरच्या बाजूने तो प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसलेला असतो आणि तिरका ओढला की त्या खुंट्या तुटतात. सेडानमध्ये डिकीच्या आतले अस्तर बाजूला करून मागून होल्डरपर्यंत पोहोचता येते. होल्डर फिरवून बाहेर आला की बल्ब आत दाबून डावीकडे वळवावा.

टेल आणि ब्रेकसाठी पुष्कळ गाड्यांत एकच बल्ब असतो. त्याच्या पितळी बुडावर १२ व्होल्ट, २१/५ वॉट असे कोरलेले असते. आत दोन तारा असतात: ५ वॉटची टेलसाठी, २१ वॉटची ब्रेकसाठी. बुडाच्या दोन खिळ्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. तरीही जोर लावून तो उलटा बसवणारे लोक आहेत. मग रात्रभर ब्रेक लागल्यासारखा दिवा पेटतो आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला काहीच कळत नाही.

काच काळी किंवा चंदेरी झालेली असेल, अथवा तार तुटलेली दिसत असेल, तर प्रश्न मिटला. तार शाबूत दिसली तरी बल्ब चांगला आहे असे समजू नये, कारण कधीकधी ती मुळाशी सुटलेली असते. सगळ्यांत सोपी परीक्षा फुकटची आहे: डाव्या बाजूचा बल्ब उजवीकडे आणि उजव्या बाजूचा डावीकडे लावून पाहावा. दोष बल्बबरोबर पलीकडे गेला तर बल्ब खराब, जागच्या जागी राहिला तर बल्ब निर्दोष. नवा बल्ब घेताना वॉट तेच हवेत. जास्त वॉटचा बल्ब घातल्यास उजेड वाढेल खरा, पण होल्डरचे प्लॅस्टिक वितळून पुढे अधिक मोठा खर्च उभा राहतो.

फ्यूज

फ्यूजचा एक डबा सहसा स्टिअरिंगच्या खाली उजवीकडे आणि दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ असतो. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टेल लॅम्पसाठी बहुतेक ठिकाणी १० अँपिअरचा लाल फ्यूज असतो. तो काढून उजेडात धरला की मधली पट्टी तुटलेली आहे की नाही, ते दिसते. न काढताही तपासता येते: दिवे लावून, टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या उघड्या पत्र्याला जोडून, त्याचे टोक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांना एकामागून एक लावावे. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला, आणि दोन्हीकडे लागला नाही तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही, म्हणजे दोष स्विच किंवा त्याच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) आहे.

रात्री रस्त्यात हा फ्यूज उडाला आणि जवळ दुसरा नसला, तर म्युझिक सिस्टीमचा किंवा चार्जिंग सॉकेटचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज तात्पुरता काढून वापरता येतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरचा तुकडा मात्र कधीही अडकवू नये, आणि अधिक अँपिअरचा फ्यूजही घालू नये. नवा फ्यूज घालताच पुन्हा उडाला, तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून शॉर्ट झाली आहे. अशा वेळी संशयाची पहिली जागा म्हणजे गाडीवर नंतर जोडलेली वायर: रिव्हर्स कॅमेरा, डिकीतली एलईडी पट्टी, टो-बारचे कनेक्शन. टेल लॅम्पच्या वायरला चिमटा मारून घेतलेले असे जोड मी इतक्या गाड्यांत पाहिले आहेत की मूळ वायरिंग उघडण्याआधी मी तेच शोधतो.

अर्थ: जिथे सगळे चुकतात

आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये डावा इंडिकेटर दिला की डावा टेल लॅम्प त्याच तालात मंद लुकलुकत असे. एका गॅरेजमध्ये दोनदा बल्ब बदलून झाले आणि तिसऱ्यांदा नवा स्विच घालायचा सल्ला मिळाला. शेवटी डिकीच्या कोपऱ्यातला अर्थचा बोल्ट उघडला, तेव्हा वॉशरखाली हिरवट-पांढरा थर साचलेला आढळला. पॉलिश पेपरने तो घासला, बोल्ट पुन्हा आवळला आणि बिघाड तिथेच संपला, खर्च शून्य.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. इंडिकेटरच्या बल्बमधून गेलेली वीज अर्थमार्गे पत्र्यात परत जायला हवी. ती वाट बंद झाली की ती त्याच होल्डरमधल्या टेलच्या तारेतून उलटी शिरते आणि त्या तारेला जोडलेल्या इतर पार्किंग दिव्यांतून अर्थ गाठते. दोन्ही तारांना पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून दोन्ही दिवे मंद आणि चुकीच्या वेळी लागतात. पावसाळ्यात डब्याची रबरी पट्टी सैल होऊन पाणी आत गेले की हे हमखास घडते आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर त्याला पावसाळ्याचीही गरज नसते.

खात्री करण्यासाठी बंद किंवा मंद दिवा चालू ठेवा, एका वायरचे टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरे डिकीतल्या रंग खरवडलेल्या पत्र्याला लावा. दिवा लगेच पूर्ण उजळला तर दोष अर्थचाच आहे. मल्टिमीटर असेल तर लाल पिन होल्डरच्या अर्थला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा स्वच्छ पत्र्याला लावून व्होल्ट मोजावेत. आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड साफ करावा. साफ केल्यानंतर बोल्ट आवळून वरून व्हॅसलीनचा पातळ थर दिला की ओलावा लवकर शिरत नाही. होल्डरच्या पितळी पट्ट्या काळवंडल्या किंवा दबल्या असतील तर त्याही घासून किंचित वर उचलाव्यात. प्लॅस्टिक वितळलेले असेल तर होल्डर बदलणेच बरे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा: दोन तारांच्या बल्बमध्ये तुटलेली तार शेजारच्या तारेला चिकटली तरी अगदी अशीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी बल्बची अदलाबदल करून पाहावी.

वायर आणि स्विच

बल्ब, फ्यूज आणि अर्थ ठीक असूनही होल्डरवर टेस्ट लॅम्प लागत नसेल, तर वायर मध्येच तुटली आहे. डिकीच्या दरवाज्यावरच दिवा असेल तर बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवून पाहा. दरवाजा हजारो वेळा उघडून-मिटून आतल्या वायरी तिथेच कडक होऊन तुटतात. दुसरे ठिकाण म्हणजे मागच्या सीटखालचा आणि डिकीच्या अस्तरामागचा भाग, कारण उभ्या गाडीत उंदीर तिथे शिरून वायरी कुरतडतात. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नये. डाख देऊन त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवावी.

ब्रेक लाइटचा स्विच पॅडलच्या वर असतो. वरचा तिसरा ब्रेक लाइट लागतो आणि खालचे दोन लागत नाहीत, तर स्विच निर्दोष आहे. उलट पाय न ठेवताही तिन्ही लागलेले राहत असतील, तर पॅडलच्या खाली पायपोसावर पाहा: स्विचच्या टोकाला अडवणारा छोटा रबरी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा झिजून तिथे चुरा होऊन पडलेला असतो. तो तुकडा अगदी स्वस्त असतो, पण न बसवल्यास एका रात्रीत बॅटरी उतरते.

एलईडी असल्यास

अखंड एलईडी डब्यात बदलायला बल्ब नसतो. फ्यूज, कप्लर (वायरींचा प्लगसारखा जोड) आणि अर्थ एवढेच घरी तपासावे. ते ठीक असतील तर वॉरंटी पाहून पूर्ण डबा बदलावा लागतो. अशा गाड्यांत दिवे संगणक चालवतो, तेव्हा वायरीत सुई टोचून किंवा थेट बॅटरी देऊन प्रयोग करू नयेत. जुन्या होल्डरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घातल्यावर तो दिवे बंद असतानाही मंद पेटत असेल किंवा इंडिकेटर भराभर वाजत असेल, तर मूळ बल्ब परत घालणे हा सगळ्यांत सरळ उपाय आहे.

काम झाले की डबा घट्ट बसवण्यापूर्वी टेल लॅम्प, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकाच वेळी चालू करून पाहा, कारण एकेकटे दिवे नीट लागले तरी अशक्त अर्थ या एकत्रित भाराखालीच उघडा पडतो. मग रबरी पट्टी खोबणीत नीट बसली आहे ना ते बोटाने चाचपून स्क्रू आवळा आणि वरून पाण्याचा एक तांब्या ओता. आत थेंब दिसला तर स्क्रू पुन्हा सोडून पट्टी नव्याने बसवा.