वाढ थांबली की जिवाणू मेले? जंतुनाशके, अँटिसेप्टिके आणि प्रतिजैविके प्रयोगशाळेत कशी तपासावीत

रॉबर्ट कॉख यांनी १८८१ साली रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सच्या जिवाणूंचे बीजाणू (म्हणजे त्यांची टणक, सुप्त रूपे) वाळवले, ते धागे निरनिराळ्या जंतुनाशकांत बुडवले आणि पाण्याने धुऊन संवर्धन माध्यमावर ठेवले. मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या संयुगातून काढलेल्या धाग्यांवर काहीच उगवले नाही, आणि हे रसायन अतिशय प्रभावी जंतुनाशक ठरले. पुढे १८८९ मध्ये गेप्पर्ट या जर्मन संशोधकाने बीजाणूंना चिकटून राहिलेला पारा अमोनियम सल्फाइडने निष्क्रिय केला, तेव्हा मेलेले समजले गेलेले अनेक बीजाणू पुन्हा वाढू लागले. ते मेलेले नव्हतेच. धाग्याबरोबर माध्यमात आलेल्या पाऱ्याच्या अंशाने त्यांची वाढ रोखून धरली होती. जंतुविरोधी द्रव्यांची चाचणी करणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते, कारण आजही सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष याच एका गफलतीतून निघतात.

म्हणून प्रयोगाला हात घालण्यापूर्वी आपण नेमका कोणता प्रश्न विचारत आहोत हे वहीत लिहून काढावे. प्रतिजैविकाच्या बाबतीत प्रश्न बहुधा असा असतो, की शरीरात मिळू शकेल एवढ्या प्रमाणात हे औषध या जिवाणूची वाढ थांबवते का. उरलेले काम पुष्कळदा रोग्याची प्रतिकारशक्ती करते. फरशी, उपकरणे किंवा पृष्ठभाग यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जंतुनाशकाला मात्र अशी कुणाची मदत नसते. त्याने ठरावीक मिनिटांत जिवाणू मारलेच पाहिजेत. अँटिसेप्टिक या दोहोंच्या मध्ये येते, कारण त्याने जिवाणू मारायचे असतात, पण जिवंत त्वचेला इजा न करता. या तीन प्रश्नांना एकच चाचणी पुरत नाही.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. रोगकारक जिवाणूंवर काम योग्य सुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेत आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे. शालेय प्रात्यक्षिकासाठी ई. कोलायचा के-१२ हा निरुपद्रवी प्रकार किंवा बॅसिलस सबटिलिस पुरेसा आहे. त्वचेवरून किंवा नाल्यातून घेतलेले अनोळखी जिवाणू वाढवू नयेत, वाढलेल्या प्लेट्स वर्गात उघडू नयेत आणि वापरलेले सर्व साहित्य ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केल्याशिवाय टाकू नये.

प्रतिजैविकांसाठी डिस्क पद्धत

बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रमाणित केलेली ही पद्धत, म्हणजे जिवाणू पसरलेल्या अगरवर औषध शोषलेल्या कागदी चकत्या (डिस्क) ठेवून त्यांच्याभोवती वाढ न झालेले वर्तुळ मोजणे, दिसायला अगदी सोपी आहे, आणि म्हणूनच तिच्यात निष्काळजीपणा लवकर शिरतो. म्युलर-हिंटन अगर या प्रमाणित घट्ट माध्यमाच्या प्लेटमध्ये माध्यमाची जाडी सगळीकडे सुमारे ४ मि.मी. असावी. थर पातळ असेल तर औषध बाजूला अधिक पसरते आणि वर्तुळ खोटेच मोठे दिसते. थर जाड असेल तर याच्या उलट होते. माध्यमाचा सामू ७.२ ते ७.४ ठेवावा. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे प्रमाणही महत्त्वाचे आहे, कारण ते वाढले की स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू जेन्टामायसिनसारख्या औषधांना प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक प्रतिरोधी भासतो.

रात्रभर वाढवलेल्या ताज्या प्लेटवरून एकसारख्या दिसणाऱ्या तीन ते पाच वसाहती घेऊन त्या निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळाव्यात आणि गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरावीक गढूळपणाच्या प्रमाण द्रवाशी जुळवावा. या गढूळपणाला दर मि.लि. सुमारे १५ कोटी जिवाणू असतात. जुळवणी डोळ्यांनी करायची असेल तर काळ्या रेघा असलेला पांढरा कागद नळ्यांमागे धरून पाहावे. मिश्रण तयार झाल्यापासून १५ मिनिटांच्या आत निर्जंतुक स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) त्यात बुडवून, नळीच्या आतल्या बाजूवर दाबून जादा द्रव काढून, संपूर्ण प्लेटवर फिरवावा. मग प्लेट सुमारे ६० अंशांनी वळवून पुन्हा, आणि तशीच तिसऱ्यांदा. यामुळे वाढीचा गालिचा सलग होतो.

डिस्कची डबी शीतपेटीतून काढल्यावर लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अन्यथा हवेतील बाष्प डिस्कवर जमून औषध खराब होते. डिस्क एकदा अगरला टेकली की औषध पसरायला सुरुवात होते, त्यामुळे वाकडी पडलेली डिस्क उचलून सरळ ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दोन डिस्कच्या केंद्रांत किमान २४ मि.मी. अंतर ठेवावे, १०० मि.मी. व्यासाच्या प्लेटवर पाचपेक्षा अधिक डिस्क बसवू नयेत. प्लेट उलटी करून ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास १६ ते १८ तास उबवावी आणि मग प्रत्येक डिस्कभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास, डिस्कसह, मि.मी.मध्ये मोजावा.

आता कळीचा मुद्दा. एका औषधाचे वर्तुळ २० मि.मी. आणि दुसऱ्याचे १६ मि.मी. आले, म्हणून पहिले औषध अधिक प्रभावी ठरत नाही. लहान रेणू अगरमधून वेगाने पसरतात आणि मोठे रेणू हळू. कोलिस्टिनसारखे औषध तर इतके कमी पसरते की त्याच्यासाठी ही पद्धत विश्वासार्ह मानलीच जात नाही. प्रत्येक औषध आणि प्रत्येक जिवाणू-गट यांच्यासाठी सीएलएसआय (अमेरिका) किंवा युकास्ट (युरोप) या मानके ठरवणाऱ्या संस्थांनी ठरवलेल्या चालू तक्त्याशीच माप ताडून पाहावे, आणि दोन संस्थांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. शिवाय ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रमाण जिवाणू प्रत्येक वेळी सोबत तपासावा. उदाहरणार्थ, १० मायक्रोग्रॅम जेन्टामायसिनच्या डिस्कभोवती ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाण प्रकाराचे वर्तुळ १९ ते २६ मि.मी.च्या दरम्यान यायला हवे. ते आले नाही, तर त्या दिवशीचे बाकीचे निकाल देऊ नयेत, मग ते कितीही पटण्यासारखे वाटोत.

आकड्यात उत्तर हवे असेल, तर औषधाची दुपटीच्या क्रमाने विरलने (पातळ केलेली द्रावणे) द्रव माध्यमाच्या नळ्यांत करावीत: १६, ८, ४, २, १, ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. असे. प्रत्येक नळीत दर मि.लि. सुमारे ५ लाख जिवाणू राहतील एवढी लागवड करावी. ज्या सर्वांत कमी तीव्रतेला डोळ्यांना वाढ दिसत नाही, तिला किमान रोधक तीव्रता म्हणतात. मात्र स्वच्छ दिसणारी नळी निर्जंतुक असते असे नाही. स्वच्छ नळ्यांतून ०.१ मि.लि. काढून औषधविरहित अगरवर पसरावे. सुरुवातीच्या ५ लाखांपैकी ९९.९ टक्के मेले असतील तर दर मि.लि. ५०० उरतील, म्हणजे त्या प्लेटवर साधारण ५० किंवा त्याहून कमी वसाहती दिसतील. असा परिणाम देणारी सर्वांत कमी तीव्रता ही त्या औषधाची किमान मारक तीव्रता होय. टेट्रासायक्लिनसारख्या औषधांत या दोन आकड्यांतील अंतर बरेच मोठे असू शकते.

जंतुनाशकांसाठी निलंबन चाचणी

कागदाची चकती जंतुनाशकात बुडवून अगरवर ठेवणे हा प्रयोग पाठ्यक्रमांत सर्रास आढळतो. प्रात्यक्षिक म्हणून त्यात वावगे काही नाही, पण त्यावरून जंतुनाशकांची क्रमवारी लावणे चूक आहे. अल्कोहोल चकतीवरून उडून जाते आणि त्याचे वर्तुळ नगण्य येते. प्रत्यक्षात ७० टक्के अल्कोहोल स्टॅफिलोकॉकस ऑरियसला अल्पावधीत मारते. क्लोरीनची शक्ती माध्यमातील सेंद्रिय पदार्थच खाऊन टाकतात. येथे जिवाणू आणि द्रव्य यांचा ठरावीक वेळ संपर्क घडवून, मग वाचलेले जिवाणू मोजणे हाच खरा मार्ग आहे.

युरोपीय मानक ईएन १२७६ चा आराखडा यासाठी उपयोगी पडतो. एक मि.लि. जिवाणू-मिश्रण, ज्यात दर मि.लि. १५ ते ५० कोटी जिवाणू असतील, ते एक मि.लि. अल्ब्युमिनच्या द्रावणात मिसळावे. हे अल्ब्युमिन प्रत्यक्ष वापरातील मळाची जागा घेते: अंतिम मिश्रणात स्वच्छ परिस्थितीसाठी दर लिटर ०.३ ग्रॅम आणि मळकट परिस्थितीसाठी ३ ग्रॅम. दोन मिनिटांनी त्यात आठ मि.लि. जंतुनाशक घालावे, दहात आठ भागच जंतुनाशक असल्याने ते हव्या त्या तीव्रतेच्या सव्वापट करून घ्यावे लागते, आणि विद्यार्थी नेमके हेच विसरतात. विरलनासाठी कठीण पाणी वापरावे, कारण काही जंतुनाशके, विशेषतः क्वाटर्नरी अमोनियम वर्गातील, अशा पाण्यात दुबळी पडतात. तापमान २० अंश सेल्सिअस आणि संपर्काचा काळ पाच मिनिटे ठेवावा.

वेळ संपताच एक मि.लि. मिश्रण आठ मि.लि. उदासीनकारक द्रव आणि एक मि.लि. पाणी यांत टाकावे. गेप्पर्टचा धडा येथे कामी येतो. क्लोरीन आणि आयोडीनसाठी सोडिअम थायोसल्फेट, क्वाटर्नरी संयुगे आणि क्लोरहेक्सिडिन या अँटिसेप्टिकसाठी लेसिथिन व ट्वीन ८० (एक पायसकारक द्रव) यांचे मिश्रण वापरतात. पण उदासीनकारक आपले काम खरोखर करतो, आणि तो स्वतः जिवाणूंना मारत नाही, या दोन गोष्टी स्वतंत्र नियंत्रण-प्रयोगांनी सिद्ध कराव्यात. हे दोन प्रयोग गाळलेला अहवाल, त्यातील आकडे कितीही देखणे असले तरी, मी ग्राह्य मानत नाही.

हिशेब असा होतो. मूळ मिश्रणात दर मि.लि. ४० कोटी जिवाणू असतील तर दहापट विरलनामुळे संपर्क-मिश्रणात ४ कोटी असतात. उदासीन केलेल्या द्रवाच्या एक मि.लि.मधून ३२ वसाहती उगवल्या, तर संपर्क-मिश्रणात दर मि.लि. ३२० जिवाणू वाचले. ४ कोटींना ३२० ने भागले की १,२५,००० येतात, म्हणजे लॉगरिदमच्या भाषेत, जिथे दर १ म्हणजे दहापट घट, ५.१ इतकी घट. मानकाची अपेक्षा किमान ५ ची आहे, त्यामुळे हे द्रव्य त्या जिवाणूपुरते उत्तीर्ण झाले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि एंटेरोकॉकस हिरे या चारही जिवाणूंवर ते टिकले पाहिजे. «९९.९ टक्के जंतूंचा नाश» हा दावा ऐकायला मोठा वाटतो, पण लॉगरिदममध्ये ती केवळ ३ ची घट असते; ४ कोटींपैकी ४०,००० जिवाणू तेव्हाही जिवंत असतात.

अँटिसेप्टिकसाठी निलंबन चाचणी ही पहिली पायरी असते. त्यानंतर त्वचेवरील चाचणी लागते आणि तिला नैतिक समितीची मंजुरी आवश्यक असते. हात चोळण्याच्या द्रवासाठी स्वयंसेवकांच्या हातांवर ई. कोलाय के-१२ लावून, द्रव वापरण्यापूर्वी आणि वापरल्यानंतर बोटांच्या टोकांवरील जिवाणू मोजतात आणि त्याच स्वयंसेवकांवर ६० टक्के प्रोपॅन-२-ऑलने मिळालेल्या घटीशी तुलना करतात.

शेवटी बादलीत किंवा बाटलीत भरून ठेवलेल्या, वापरात असलेल्या जंतुनाशकाची तपासणी. ही चाचणी स्वस्त आहे, आणि तरीही फार कमी ठिकाणी केली जाते. वापरात असलेल्या द्रावणातून एक मि.लि. काढून योग्य उदासीनकारक असलेल्या नऊ मि.लि. द्रवात मिसळावे आणि ०.०२ मि.लि.चे दहा-दहा थेंब दोन अगर प्लेट्सवर ठेवावेत. एक प्लेट ३७ अंश सेल्सिअसला तीन दिवस, तर दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस ठेवावी. कोणत्याही एका प्लेटवर पाच किंवा अधिक वसाहती उगवल्या तर मूळ द्रावणात दर मि.लि. २५० किंवा त्याहून अधिक जिवंत जिवाणू आहेत. असे द्रावण त्याच दिवशी ओतून द्यावे, भांडे उष्णतेने निर्जंतुक करावे, आणि विरलन चुकले होते, द्रावण शिळे झाले होते की अर्धवट रिकाम्या भांड्यात नवे द्रावण ओतले जात होते, हे शोधून काढल्यानंतरच ते भांडे पुन्हा भरावे.