घसा बरा झाला, मग हात का हलतायत? मुलांच्या कोरिया या आजारात काय करायचं

माझ्या मुलीचं अक्षर बिघडलं तेव्हा आम्ही तिला जवळजवळ महिनाभर ओरडत होतो. मग पेला हातातून पडायला लागला, बसल्याबसल्या खांदे उडायला लागले, तोंड वेडंवाकडं व्हायचं आणि कशावरूनही रडू. आम्हाला वाटलं मुद्दाम करतेय. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, मूल हे मुद्दाम करत नसतं, ते त्याला थांबवता येत नाही, ओरडलं की टेन्शनने अजून वाढतं आणि झोप लागली की शांत होतं.

याला सिडनहॅम कोरिया म्हणतात, थॉमस सिडनहॅम या डॉक्टरने 1686 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) नावाच्या जंतूने घसा धरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं, बनवतं, आणि काही मुलांत त्याच अँटिबॉडी चुकून मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर, म्हणजे बेसल गँग्लियावर, जाऊन आदळतात. बहुतेक 5 ते 15 वयात होतो, मुलींमध्ये जास्त. घसा दुखल्यापासून हात हलेपर्यंत एक महिन्यापासून सहा-आठ महिने सुद्धा जाऊ शकतात, त्यामुळे तो घसा कुणाच्या लक्षातही नसतो.

डॉक्टरकडे जाण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण तपासायच्या खोलीत मूल नेमकं शांत बसतं. घरी एवढं बघा, तुमची दोन बोटं धरून ठेवायला सांगा, पकड घट्ट-सैल घट्ट-सैल होत राहते, जीभ बाहेर काढून ठेवायला सांगा, ती लगेच आत पळते. टिक्स वेगळे असतात, तीच डोळ्याची उघडझाप किंवा तोच मानेचा झटका पुन्हा पुन्हा येतो आणि मूल थोडा वेळ तो दाबून धरू शकतं, कोरियात हालचाल कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो.

आता तपासण्या. घशाची टेस्ट आणि रक्तातलं एएसओ (स्ट्रेपविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी टेस्ट) नॉर्मल येऊ शकतं, इतके महिने गेलेले असतात ना, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही" यावर थांबू नका. कोरिया हे रुमॅटिक फिवरचं, म्हणजे स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदयाला त्रास देणाऱ्या आजाराचं, लक्षण आहे, आणि दुसरं कारण सापडलं नाही तर एकट्या कोरियावरूनही रुमॅटिक फिवर धरतात. दुसरी कारणं म्हणजे विल्सन डिसीज (शरीरात तांबं साचतं), ल्युपस (शरीर स्वतःवरच हल्ला करतं), थायरॉइड, ती डॉक्टर तपासतातच. पण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र झालाच पाहिजे, स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरी हृदयाच्या झडपेला सूज असू शकते.

उपचाराचे दोन भाग आहेत आणि ते डोक्यात वेगळे ठेवा, आमचा सगळा घोळ इथेच झाला होता. एक भाग हालचालींचा. हलका त्रास असेल तर औषधाशिवायही चालतं, बहुतेक मुलांचा त्रास काही महिन्यांत आपोआप कमी होतो, काहींना दोन वर्षं लागतात. लिहिता-जेवता येत नसेल तर व्हाल्प्रोएट किंवा कार्बामॅझेपिन देतात, कधी रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल. शेवटच्या दोनांनी मान किंवा जबडा आखडला, डोळे वर फिरले तर लगेच दवाखाना गाठा. त्रास फार असेल तर स्टिरॉइड देतात. यातलं काहीच मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही.

दुसरा भाग पेनिसिलीनचा, आणि तो हातांसाठी नाही, हृदयासाठी आहे. आधी जंतू पूर्ण मारायचा कोर्स, घसा साफ दिसत असला तरी. नंतर दर 3 ते 4 आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन, वजनाप्रमाणे 6 किंवा 12 लाख युनिट. हृदयाला काही झालं नसेल तर किमान 5 वर्षं किंवा वयाच्या 21 पर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. झडपेला इजा राहिली असेल तर 10 वर्षं किंवा 40 पर्यंत, कधी जन्मभर. हात शांत झाले की घरचे म्हणतात आता कशाला टोचायचं त्या लेकराला, आम्ही पण म्हणालो होतो आणि दोन इंजेक्शनं चुकवली, आता आठवलं की पोटात गोळा येतो. हात बरे होतात पण पुन्हा स्ट्रेप झाला तर दरवेळी झडपेला धोका असतो, आणि कोरिया परत येऊ शकतो तो वेगळाच. तारीख भिंतीवर लिहा, मोबाईलला लावा. इंजेक्शन दुखतं, आधी सुन्न करणारं क्रीम लावता येतं, विचारा. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर वेगळं अँटिबायोटिक देतात, पण डोस चुकवायचा नाही. घरात दुसऱ्या कुणाचा घसा दुखला, ताप आला तर त्यांनाही दाखवून घ्या.

घरात पेला अर्धाच भरा, झाकणाचा आणि स्ट्रॉचा असला तर उत्तम, कोपऱ्यांना कापड बांधा, जिन्यावर हात धरा. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, तोंडी परीक्षा किंवा लेखनिक मागा, आणि वर्गात चिडवाचिडवी होतेय का ते टीचरला विचारत राहा. हट्ट, रडणं, तेच तेच विचार हे आजारातच येतं, फार वाढलं तर डॉक्टरांना सांगा. गिळता येत नाही, धाप लागते, पायावर सूज आली, मूल एकदम ढिलं पडून चालेनासं झालं तर वाट बघू नका.

एका-दोन दिवसांत अचानक हात धुण्याचं वेड किंवा टिक्स सुरू झाले तर पँडास हे नाव कानावर येईल, म्हणजे स्ट्रेपमुळे अशी लक्षणं अचानक येतात ही कल्पना, 1998 मध्ये सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. त्याबद्दल डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. स्ट्रेप सापडला तर त्याचा कोर्स आणि वेडाविचारांसाठी थेरपी एवढं नक्की करा, वर्षानुवर्षं अँटिबायोटिक देण्याआधी मात्र न्यूरोलॉजिस्टला विचारा.

सगळे इको आणि इंजेक्शनच्या तारखा एका फाइलमध्ये ठेवा. मुलगी असेल तर ती फाइल मोठेपणी तिच्या हातात द्या, कारण प्रेग्नन्सीत किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी कोरिया पुन्हा उफाळू शकतो, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना हे तिनेच सांगावं लागेल.