पर्सेंटाइल आणि डाइस पूल: लढाईत या चुका टाळा

टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळांत वार लागला की नाही हे ठरवायच्या इथे दोन पद्धती आहेत. पर्सेंटाइलमध्ये दोन दहाबाजू फाशांवर १ ते १०० मधला आकडा काढतात, तो कौशल्याच्या टक्क्यांइतका किंवा कमी आला की यश. डाइस पूलमध्ये कौशल्याप्रमाणे मूठभर फासे टाकून त्यातली यशं मोजतात. सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'एक फासा म्हणजे दहा टक्के' हा हिशोब. पर्सेंटाइल खेळून आलेला गेममास्टर (खेळ चालवणारा) डाइस पूलचं पुस्तक उघडतो, मूळ नियमांचं प्रकरण ओलांडून थेट लढाईवर येतो आणि अंधार आहे म्हणून सगळ्यांचे दोन-दोन फासे कापतो. शॅडोरन या डाइस पूलच्या खेळात चौथ्या आवृत्तीपासून सहा बाजूंच्या फाशावर ५ किंवा ६ पडला की एक हिट, म्हणजे एक यश. निदान एक हिट मिळण्याची शक्यता एका फाशाला ३३ टक्के, दोन फाशांना ५६, चारला ८०, सहाला ९१. म्हणजे चार फासेवाला नवखा ८० वरून ५६ वर आपटतो. बारा फासेवाला मुरलेला नेमबाज ९९ वरून ९८ वर येतो, त्याला पत्ताही लागत नाही. तीन हिट लागणार असतील तर गणित आणखी वेगळं: तीन फाशांना जेमतेम ४ टक्के, सहाला ३२, नऊला ६२. हे आकडे गेममास्टरच्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि फासा कापण्याआधी तिकडे नजर टाका. एवढाही धीर नसेल तर दंड लावूच नका.

दुसरी चूक पर्सेंटाइलवाल्यांची. रूनक्वेस्ट (१९७८) या पर्सेंटाइल खेळाच्या घराण्यात हल्ला करणारा फासे टाकतो, मग समोरचा वार अडवायला टाकतो. दोघांचं कौशल्य ४० टक्के असेल तर शंभरातले २४ वार लागतात. दोघं ७० चे असतील तर २१. दोघं ९० चे असतील तर फक्त ९! मोहिमेच्या शेवटी दोन कसलेले तलवारबाज भिडतात आणि टेबलावर 'लागला, अडवला, लागला, अडवला' एवढंच चालतं. चौथ्या-पाचव्या फेरीला कोणीतरी मोबाइल काढतं. मग गेममास्टर वैतागून अडवण्याचा नियमच रद्द करतो, आणि पुढच्याच वारात नायकाचा हात जातो, कारण इथे इजा अवयवागणिक मोजतात. नियम निर्दोष आहे. सारख्या ताकदीचे दोघं मोकळ्या मैदानात उभे करणं हीच चूक. एकावर दोघं घाला, पायाखाली चिखल द्या, शस्त्र हातातून पाडू द्या. कॉल ऑफ कथुलू या पर्सेंटाइल खेळाच्या सातव्या आवृत्तीत तर यशाच्या पायऱ्याच तोलतात: आकडा पूर्ण कौशल्याच्या आत, निम्म्याच्या आत की एक पंचमांशाच्या आत. बरोबरी झाली तर वार चुकवणारा जिंकतो; उलट वार करणारा असेल तर मूळ हल्लेखोर.

त्याच खेळात बोनस फासा मिळाला की नवखे दोन्ही फासे पुन्हा टाकतात. जादा फासा फक्त दहमचा, एकम तोच राहतो, आणि दोन दहमांतला फायद्याचा घ्यायचा. ५० टक्के कौशल्य त्याने ७५ वर जातं.

दहमचा फासा कोणता, हे टाकण्याआधी सांगा. दोन रंगांचे फासे घ्या, वाद संपतो. ०० आणि ० म्हणजे १००. शून्य नव्हे, कितीही गयावया केली तरी.

जुन्या व्हॅम्पायरमध्ये (१९९१), म्हणजे दहाबाजू फाशांच्या डाइस पूलमध्ये, काठिण्य (यशासाठी फाशावर लागणारा किमान आकडा) १० ठेवू नका. तिथे १ पडला की एक यश खोडलं जातं, आणि यशं संपून १ उरले तर फजिती, म्हणजे साध्या अपयशाहून वाईट. एका फाशाला फजितीची शक्यता १० टक्के, दोन फाशांना १७. जास्त कुशल पात्र जास्त वेळा तोंडघशी पडतं. काठिण्य ६ वरच ठेवून जास्त यशं मागा. २००४ च्या व्हॅम्पायर: द रेक्विएममध्ये यशाचा आकडा ८ वर कायमचा बांधला, तो उगाच नाही.