कारखान्यामागची खाडी कशी बघायची

कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढं वाशिष्ठीची खाडी. भूगोलाची पोरं मी तिकडंच नेतो. त्यांना सांगतो, ढासळलेला काठ दिसला की नुसता फोटो काढून फिरू नका. दुखणं बऱ्याचदा समोरच्या तीरावर असतं, नाहीतर पाठीमागं.

आधी पंचांग काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. त्रयोदशीला पावणेदहा, सहा तासांनी ओहोटी. पहाटे निघालात तर दोन्ही सापडतात. खाडीत आत जाल तशी वेळ पुढं सरकते. अष्टमीला मात्र जाऊ नका, भांगाचं पाणी धड चढत नाही की उतरत नाही.

घरीच गूगल अर्थवर जुनी चित्रं लावा. पाण्याची कड धरू नका, ती भरतीगणिक हलते. कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या चिखलातल्या तिवरांच्या झाडीची कड धरा. मुरमाचा भराव कुठल्या साली पडला, कारखान्याची शेड कधी उभी राहिली आणि त्यानंतर हिरवी कड किती मागं गेली, ते वहीत टिपा.

जागेवर सगळ्यात जास्त वेळ रस्त्याखालच्या मोरीला द्या. खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खारट दलदलीतून रस्ता नेताना भराव टाकतात आणि पाण्याला दोन सिमेंटचे पाइप ठेवतात. भरतीला खाडीकडचं पाणी वर आणि आतलं हातभर खाली दिसलं, की समजा पाइप अपुरे आहेत. तोंडाशी पाणी घुसळून डोह पडलेला असतो. आत जमिनीवर मीठ फुटलेलं, तिवरांचे वाळके बुंधे. मुळं मेली की चिखलाला धरणारं कुणी उरत नाही.

भरावानं पाण्याची पसरायची जागाही जाते. मग ते उरलेल्या पात्रातून जोरात पळतं आणि समोरचा काठ खातं. ओहोटीला तो निरखा: सुरीनं कापल्यासारखा उभा, मुळं लोंबताहेत, खाली झुडपांसकट ढेकळं, तर पडझड ताजी. उतरता, शेवाळलेला असेल तर जुनी.

बार्जच्या लाटा आणि वाळूउपसा हेही बघाच. पण सगळं कारखान्यांच्या माथी मारू नका. आमच्या कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला उतरतं ते वाशिष्ठीत जातं. गाळ मात्र शिवसागरातच, कोयना धरणाच्या जलाशयात, बसतो. गाळ नसलेलं पाणी वाटेतला गाळ उचलतं.

कांदळवनात भराव दिसला तर तहसीलदार किंवा वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडं लेखी द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं कांदळवनाभोवती 50 मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे. अर्जाला मोरीच्या दोन्ही बाजूंचे, एकाच भरतीचे फोटो जोडा, वेळ घालून.